धरणाच्या तळाशी



इतिहासावर किंवा नाटकावर बोलणारा वक्ता आला की या मंडपात उभे राहायला जागा उरत नाही, आणि गाळावर बोलणारा आला की मागच्या चार रांगा मोकळ्या राहतात, हे मी जाणून आहे. तरीही आपण आलात, तेव्हा आपला फार वेळ प्रास्ताविकात न घालवता विषयाला हात घालतो.

विषय सांगायला साधा आहे. शिसे, पारा, तांबे, जस्त, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू नदीबरोबर धरणात येतात. काही खडकांतून येतात, काही कारखान्यांतून, काही शहराच्या गटारांतून. मैला कुजतो आणि कालांतराने संपतो. शिसे कुजत नाही. मग त्याचे पुढे होते काय? आपली समजूत अशी की जे जड ते तळाशी बसते, आणि एकदा बसले की बसले. मला आज एवढेच सांगायचे आहे की बसलेले बसूनच राहील असे नाही. ते राहील की उठेल हे बहुतांशी दोन गोष्टी ठरवतात : दगडांवर आणि गाळावर वाढणारा जिवाणूंचा बुळबुळीत थर, आणि पाण्यात कुजत असलेले सेंद्रिय द्रव्य.

ही गोष्ट आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना नवी नाही. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात कोणी ताक ठेवत नसे, ताक कळकते. पाणी मात्र तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवून सकाळी आपण खुशाल पितो. तांबे दोन्हीकडे आहे. पाण्याच्या संगतीत ते भांड्याला धरून राहते, आणि ताकाच्या आंबटपणात सुटून ताकात उतरते. म्हणजे भांड्यात तांबे किती, एवढ्यावर भागत नाही. ते कोणाच्या संगतीत आहे हे विचारावे लागते. धरणाच्या बाबतीत आपण नेमका हाच प्रश्न विचारायला विसरतो.

आता त्या बुळबुळीत थराकडे येऊ. घरचा माठ आठ-दहा दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत लागतो. घाटाची पाण्याखालची पायरी अशीच निसरडी असते. शास्त्रज्ञ या थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. डेल्फ्ट गावच्या लेवेनहूकने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचे किटण खरवडून आपल्या भिंगाखाली धरले आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले, तेही जैवपटलच. पण त्यानंतर पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांचे लक्ष पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या जिवाणूंकडेच राहिले. १९४३ साली क्लॉड झोबेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने समुद्राचे पाणी बाटल्यांत भरून ठेवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा एक गंमत उघड झाली. बाटली जितकी लहान तितके जिवाणू अधिक वाढत. कारण लहान बाटलीत पाण्याच्या मानाने काचेचा पृष्ठभाग जास्त, आणि जिवाणूंना बसायला बैठक हवी असते.

बैठक मिळाली की ते आपल्या अंगातून एक चिकट द्रव्य स्रवतात आणि त्यात रुतून राहतात. हे द्रव्य मुख्यतः साखरेच्या लांब साखळ्यांचे आणि प्रथिनांचे असते. त्यावर जागोजागी ऋण विद्युतभाराचे अम्लगट असतात. पाण्यात विरघळलेले शिसे, तांबे, कॅडमियम हे बहुधा धन विद्युतभार घेऊन हिंडतात. मग व्हायचे तेच होते. धातू त्या थराला चिकटतात. शिवाय काही जिवाणू पाण्यातले विरघळलेले मँगनीज आणि लोह प्राणवायूशी जोडून आपल्या भोवती त्यांचा बारीक तपकिरी गंज साठवतात, आणि हा गंज शिशाला फार घट्ट धरतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळच्या कायुगा सरोवरात काचेच्या पट्ट्या सोडून त्यांवर थर वाढू दिला आणि तो तपासला, तेव्हा शिसे पकडण्याच्या कामात या मँगनीज-लोहाच्या गंजाचा वाटा मोठा असल्याचे आढळले.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की हा थर म्हणजे धरणाचा चौकीदारच झाला. तसा तो आहेही. पण चौकीदारावर किती भरवसा टाकावा यालाही मर्यादा असते. हा थर जिवंत आहे. दिवसा त्यातले शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते, रात्री तोच प्राणवायू सगळे मिळून खाऊन टाकतात, आणि त्याप्रमाणे धातूंची पकड घट्ट किंवा सैल होते. थर जाड झाला की त्याचे पापुद्रे सुटून प्रवाहाबरोबर जातात, आणि धातूही त्यांच्यावर बसून जातात. गोगलगायी आणि पाण्यातले किडे हा थर चरतात; किड्यांना मासे खातात; माशांना आपण.

दुसरी गोष्ट सेंद्रिय द्रव्याची. पाने, गवत, लाकूड, शेवाळ आणि शहराचा मैला कुजून पाण्याला जो चहासारखा रंग येतो, त्यात ह्यूमिक नावाची अम्ले असतात. ती तांब्याला असे कवटाळतात की त्या पाण्यात माशांना तांब्याची बाधा कमी होते. पण तसे कवटाळलेले तांबे तळाशी बसत नाही. ते पाण्याबरोबर पुढच्या गावाला जाते. क्रोमियमची कथा उलटी आहे. त्याचे एक रूप पाण्यात सहज विरघळते आणि फार विषारी असते. सेंद्रिय द्रव्य भेटले की त्याचे दुसऱ्या, कमी विषारी रूपात परिवर्तन होते आणि ते गाळाला धरून बसते. एकच वस्तू एका धातूला पाय देते आणि दुसऱ्याचे पाय बांधते. म्हणून सेंद्रिय द्रव्य चांगले की वाईट, असे कोणी विचारले तर मी उत्तर देत नाही. कोणत्या धातूसाठी, एवढे विचारतो.

पण सेंद्रिय द्रव्याचे सर्वांत मोठे कृत्य वेगळेच आहे. ते कुजताना प्राणवायू खाते.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होतो तेव्हाची एक आठवण सांगतो. एका गावाची पाणीयोजना जवळच्या धरणावर होती. एका वर्षी वैशाखात गावातून तक्रार आली की धुतलेल्या कपड्यांवर तपकिरी डाग पडतात. शाळेचे गणवेश, म्हाताऱ्यांची धोतरे, सगळ्यांवर. आम्ही धरणावर गेलो, काठावरून बाटली भरली, तपासली. पाणी उत्तम. कागदावर तसे लिहून दिले आणि परत आलो. डाग पडतच राहिले. गावातल्या एका बाईने आमच्या साहेबांपुढे डागाळलेले लुगडे धरले आणि विचारले, “हे पाणी उत्तम?” आम्हांला उत्तर देता आले नाही. मग कोणाच्या तरी लक्षात आले की उन्हाळ्यात पाणी खालच्या दारातून घेतले जाते, आणि आम्ही नमुना घेतला होता वरचा! तळाजवळचे पाणी दोरीने बाटली सोडून काढले, तेव्हा त्याला सडक्या अंड्याचा वास येत होता आणि त्यात मँगनीज भरपूर होते. तेच पाणी नळातून जाताना त्यात ब्लीचिंग पावडर पडे, विरघळलेले मँगनीज पुन्हा गंज होई आणि कपड्यांवर बसे. वरच्या दारातून पाणी घ्यायला सुरुवात केली आणि डाग थांबले. ती चूक आमची होती, आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

या चुकीमागचे शास्त्र त्याआधी कितीतरी वर्षे उपलब्ध होते. इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात एस्थवेट वॉटर नावाचे एक लहानसे तळे आहे. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी त्याचा अभ्यास करून १९४१-४२ साली जे प्रसिद्ध केले ते आजही या शास्त्राचे मूळाक्षर मानले जाते. उन्हाळ्यात तळ्याचे वरचे पाणी तापते आणि हलके होते. खालचे थंड पाणी त्याच्याखाली कोंडले जाते. वरचा प्राणवायू खाली पोचत नाही, आणि खालचा गाळातल्या कुजण्यात संपतो. मॉर्टिमरनी गाळ काचेच्या टाक्यांत ठेवूनही पाहिला. गाळाच्या पृष्ठावर प्राणवायू आहे तोवर तेथे काही मिलिमीटर जाडीची तपकिरी साय असते, आणि ती साय खालच्या द्रव्यांना वर येऊ देत नाही. प्राणवायू संपला की साय विरघळते, आणि लोह, मँगनीज, त्यांच्याबरोबर फॉस्फेट पाण्यात उतरतात. काही मिलिमीटरचे ते कुलूप! ते उघडणारे कोण? तर जिवाणूच. हवेतला प्राणवायू मिळेनासा झाला की ते श्वासोच्छ्वासाचे काम लोहाच्या आणि मँगनीजच्या गंजावर भागवतात. गंज विरघळतो, आणि त्या गंजाने धरून ठेवलेले जे जे असेल ते मोकळे होते.

मोकळे होते म्हणजे काय, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या मोंटाना संस्थानात घडले. तेथे ब्यूट नावाचे तांब्याच्या खाणींचे गाव आहे. त्याच्या खाली सुमारे १९० किलोमीटरवर, क्लार्क फोर्क आणि ब्लॅकफूट या नद्यांच्या संगमावर, विल्यम क्लार्क या खाणमालकाने मिलटाउन नावाचे धरण बांधले. ते पुरे झाले १९०८ साली, आणि त्याच वर्षी जून महिन्यात नदीला मोठा पूर आला. खाणींचा टाकाऊ चुरा त्या पुराबरोबर वाहत आला आणि नव्या धरणामागे बसला. पुढेही बसत राहिला. सत्तर-बहात्तर वर्षे कोणाची तक्रार नव्हती. १९८१ साली धरणाशेजारच्या विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, सापडला. सोमल हा शास्त्रदृष्ट्या पुरता धातू नव्हे, पण त्याची चालरीत लोहाच्या गंजाशी बांधलेली आहे. गाळात गाडले गेलेले सेंद्रिय द्रव्य कुजत होते, प्राणवायू संपला होता, गंज विरघळत होता आणि सोमल भूजलात उतरत होता.

हकीकत येथे संपत नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत नदीवरचे बर्फ फुटून त्याचे लोंढे धरणाकडे येऊ लागले. धरण वाचवण्यासाठी पाण्याची पातळी घाईने उतरवली. त्या ओढीने गाळ खरवडला गेला आणि तांबे खालच्या नदीत जाऊन मासे मेले. अखेर धरणच काढून टाकायचे ठरले. मार्च २००८ मध्ये ते फोडले, आणि लक्षावधी घनयार्ड गाळ आगगाडीत भरून वर खाणींच्या मुलखात परत नेला. शंभर वर्षांपूर्वी नदीने फुकट वाहून आणलेला माल आगगाडीचे भाडे भरून परत पाठवावा लागला, यावर भाष्य करण्याची गरज नाही.

परंतु मिलटाउनला निदान खाण तरी होती. ज्या उदाहरणाने मी स्वतः सर्वाधिक अस्वस्थ झालो तेथे खाण नव्हती, कारखाना नव्हता, मोठे शहरही नव्हते. ते उदाहरण कॅनडाचे आहे.

क्वेबेक प्रांताच्या उत्तरेला, जेम्स उपसागराला मिळणाऱ्या ला ग्रांद नदीवर, वीज निर्माण करण्याची प्रचंड योजना १९७१ साली जाहीर झाली. त्या मुलखात क्री लोक राहतात. शिकार आणि मासेमारी यांवर त्यांचे जीवन चाललेले. त्यांनी न्यायालयात धाव घेतली, तंटा झाला, आणि १९७५ साली करार झाला. १९७८ च्या नोव्हेंबरात पहिला मोठा जलाशय भरायला सुरुवात झाली. त्याचा विस्तार सुमारे २,८०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांच्या चौपटीहून जास्त. पाण्याखाली गेले ते अरण्य आणि पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या शेवाळ-पाचोळ्याची भुसभुशीत माती.

त्या मातीत पारा होता. फार नव्हे, हवेतून पडलेला, पानांनी धरलेला, कुजकट मातीशी बांधलेला असा थोडाथोडा पारा. कोरड्या जमिनीत तो निपचित पडून होता. पाणी आले, पाचोळा कुजू लागला, प्राणवायू संपला, आणि अशा जागी राहणारे जिवाणू पाऱ्याला मिथिल गट जोडू लागले. जिवाणू हे काम करू शकतात हे स्वीडनच्या येन्सेन आणि येर्नेलव यांनी १९६९ मध्ये दाखवले होते. त्यामागची दोन जनुके २०१३ साली सापडली. साधा पारा अंगात फारसा मुरत नाही. मिथिल-पारा मुरतो, साठतो आणि मज्जासंस्थेवर घाव घालतो. जपानच्या मिनामाता गावाचे नाव आपण ऐकले आहे. तेथे १९५६ साली रोग उघडकीला आला. पण तेथला मिथिल-पारा कारखान्यात तयार होऊन समुद्रात सोडला जात होता. क्वेबेकमध्ये तोच पदार्थ जिवाणूंनी, कोणाचीही परवानगी न घेता, धरणात तयार केला. तळाच्या गाळातच नव्हे, तर बुडालेल्या झाडांच्या आणि दगडांच्या अंगावर वाढणाऱ्या त्या बुळबुळीत थरातही हे काम चालते, असे पुढे ठिकठिकाणच्या सरोवरांत आणि दलदलींत दिसून आले. आणि हा थर तर किड्यांचे ताटच.

त्यामुळे पारा पायरी-पायरीने वर चढला. कॅनडात विक्रीच्या माशासाठी किलोला अर्धा मिलिग्रॅम पारा ही मर्यादा आहे. इतर मासे खाणारा पाईक नावाचा मोठा मासा तेथल्या नैसर्गिक सरोवरांतही या मर्यादेच्या आसपास असे. जलाशयांत त्याच्यातला पारा कित्येक पटींनी वाढला, आणि काही ठिकाणी तीन मिलिग्रॅमांच्या वर गेला. पाणी? पाणी पिण्याच्या दृष्टीने स्वच्छच होते. पाण्याची बाटली भरून तपासणाऱ्याने ‘उत्तम’ असाच शेरा मारला असता, जसा आम्ही मारला होता.

१९८६ साली क्री लोक, सरकार आणि वीजमंडळ यांच्यात पाऱ्यासाठी वेगळा करार करावा लागला. लोकांचे केस तपासले, कोणता मासा किती खावा याचे तक्ते केले. लहान, किडे खाणाऱ्या माशांतला पारा दहा-वीस वर्षांत उतरला. मोठ्या माशांना वीस-तीस वर्षे लागली. बुडालेला पाचोळा कुजायचा तेवढा कुजून संपला, तेव्हा जिवाणूंचे इंधन संपले. पण दरम्यान आजोबांनी नातवाला मासा धरायला शिकवायचे आणि सरकारी तक्त्याने तो खाऊ नको म्हणायचे, अशी एक पिढी गेली. शेवटी आरोग्यखात्यालाच सांगावे लागले की मासा सोडू नका, कोणता आणि कुठला ते पाहून खा. धरणाचा खर्च मांडताना हा रकाना कोणी आखला नव्हता.

ही भीती जशीच्या तशी इकडे आणू नये, हेही सांगितले पाहिजे. आपली धरणे काळ्या जमिनीवर आणि मुरमावर उभी आहेत, तसल्या पाचोळ्याच्या मातीवर नाहीत. आणि आपले पाणी उष्ण आहे. कॅनडाचे आकडे आपल्याला लागू नाहीत. रसायनशास्त्र मात्र लागू आहे.

आपण पुणेकर. मुळा, मुठा, पवना आपल्या दारावरून जातात आणि जाताना आपले जे काही आहे ते घेऊन भीमेला मिळतात. इंद्रायणीही तुळापूरला भीमेतच येते. पुढे उजनी. हे धरण १९८० साली पुरे झाले. त्याची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. सोलापूर शहर हे पाणी पिते. दुष्काळी वर्षांत वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ असे मथळे येतात, ते आपण वाचलेले आहेत; २०२४ च्या उन्हाळ्यात उणे साठाच्या आसपास टक्के झाले होते. म्हणजे वरचे चांगले पाणी संपले आणि पाण्याची चादर तळाच्या गाळाजवळ आली.

मैलापाणी शुद्ध करण्याची चर्चा निघाली की आपण पटकी-कावीळ यांची भाषा बोलतो, आणि ती खरीच आहे. परंतु मैल्याचा दुसरा गुन्हा आपण नोंदवतच नाही. मैला प्राणवायू खातो. त्याच्या खतावर जलपर्णी आणि शेवाळ माजते. ते मरून तळाशी जाते आणि उरलेला प्राणवायू खाते. कारखान्याने सोडलेला धातू गाळाने धरून ठेवला असेल, तर ते कुलूप उघडायला आपल्या घरातली मोरी किल्ली पुरवते. कारखानदाराकडे बोट दाखवताना आपण नामानिराळे राहू शकत नाही.

गाळाबद्दल आणखी एक. २०१७ पासून आपल्या राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. गावतळ्यातला गाळ उपसून शेतात पसरावा, ही आपल्या शेतकऱ्याची जुनी शहाणी चाल. तिला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण ज्या धरणाच्या डोक्यावर मोठे औद्योगिक शहर आहे त्या धरणाच्या गाळाला तीच चाल डोळे मिटून लावू नये. पसरण्याआधी तो तपासावा. नुसते धातू किती एवढेच तपासू नये, तर आंबट पाण्यात आणि हवेत त्यांतले किती सुटते हेही पाहावे. शेतात तो कोरडा होणार, नांगरला जाणार, त्याची संगत बदलणार. धरणाच्या पाण्याचा नमुनाही वैशाखात, तळापासून हातभर वरून घ्यावा आणि त्यात प्राणवायू मोजावा. एक होडी, एक वजन लावलेली बाटली आणि दोरी एवढे त्याला लागते.

उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे पाण्यात बुडालेले जुने देऊळ उघडे पडते आणि ते पाहायला लोक जातात. आपल्यापैकी कोणी गेले तर देवळाबरोबर पायाखालचा ओला गाळही उकरून पाहावा. तो आतून काळा असेल. गंधकाशी जोडलेल्या लोहाचा तो रंग आहे, आणि शिसे, जस्त, कॅडमियम हेही त्या गंधकाशीच जखडलेले असतात. मुठीत घेतलेला तो काळा गोळा उन्हात ठेवा. हळूहळू वरून तपकिरी होऊ लागेल. हवा लागून गंधकाची बेडी तुटते आहे, हे आपण डोळ्यांनी पाहत असतो. काठावर असा गाळ मैलोन्‌मैल उघडा पडून भेगाळतो, आणि मृगाचा पहिला पाऊस त्याच्यावरूनच धरणात उतरतो.